जुनी .२२ किट गन: घेताना काय पाहायचं, घेतल्यावर काय बदलायचं

.३८ च्या छोट्या रिव्हॉल्व्हरवर जे फेरफार सहज खपून जातात, तेच .२२ रिमफायरवर केले की पहिल्याच सिलिंडरला दोन काडतुसं फुसकी निघतात. कारण काडतुसाच्या रचनेतच आहे. सेंटरफायर काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळी प्रायमर कॅप असते. रिमफायरमध्ये तोच स्फोटक मसाला पितळी कडेच्या पोकळीत गोल पसरलेला असतो. फायरिंग पिनने ती कड चेंबरच्या (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घराच्या) काठावर दाबून चेचली तरच ठिणगी पडते. त्यासाठी फटका जोरदार लागतो. जोरदार फटक्याला ताठ मेनस्प्रिंग लागते, आणि ताठ मेनस्प्रिंगमुळे ट्रिगर जड होतो. छोट्या फ्रेममध्ये हॅमरही हलका आणि त्याचा प्रवासही कमी, त्यामुळे हाताशी शिल्लक जोर फारसा नसतोच.

म्हणून अशा रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. पैसे बंदुकीच्या अवस्थेवर घालावेत आणि बदल असे करावेत जे स्क्रू फिरवून परत काढता येतील. पुढचं सगळं मुख्यतः स्मिथ अँड वेसनच्या किट गनबद्दल आहे, कारण या वर्गात सगळ्यात जास्त पर्याय, सुटे भाग आणि माहिती तिचीच मिळते.

कोणतं मॉडेल

या घराण्याची सुरुवात १९११ ची. सॅन फ्रान्सिस्कोचे विक्रेते फिल बेकर्ट यांच्या आग्रहावरून कंपनीने .३२ च्या ‘आय’ फ्रेमवर (छोट्या सांगाड्यावर) सहा इंची बॅरलची .२२ टार्गेट रिव्हॉल्व्हर काढली. १९३५ मध्ये तिचंच चार इंची रूप किट गन म्हणून आलं. मासेमारीच्या, भटकंतीच्या सामानात टाकून न्यायची बंदूक. १९५३ च्या सुधारित आवृत्तीत जुन्या पट्टीच्या मेनस्प्रिंगच्या जागी कॉइल स्प्रिंग आली. १९५७ मध्ये कंपनीने मॉडेलना आकडे दिले तेव्हा ही मॉडेल ३४ झाली, १९६० मध्ये ‘जे’ (J) नावाच्या छोट्या फ्रेमवर येऊन ३४-१ झाली आणि १९९१ मध्ये बंद पडली. दोन आणि चार इंची बॅरल, सहा चेंबर.

तिची भावंडं: मॉडेल ४३ म्हणजे ॲल्युमिनियम फ्रेमची हलकी किट गन, साडेतीन इंची बॅरलची. मॉडेल ५१ ही .२२ मॅग्नमची, १९६० पासूनची. मॉडेल ६३ स्टेनलेस, १९७७ पासून. १९९७ ची मॉडेल ३१७ आठ चेंबरची आणि अतिशय हलकी, पण तिला ‘जुनी’ म्हणायला मी तयार नाही.

सुधारणा करायच्या इराद्याने घेत असाल तर ३४-१ किंवा सुरुवातीची सहा चेंबरची ६३ घ्या. त्यातही ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा मुलामा) झिजलेली पण यंत्रणा घट्ट असलेली. मॉडेल ४३, ५१, युद्धपूर्व किट गन किंवा डबा-कागदांसकट असलेली दोन इंची फ्लॅट लॅच हे संग्राहकांचे नग; त्यांना कानस लावणं म्हणजे किंमत जाळणं. फ्लॅट लॅच म्हणजे सिलिंडर उघडायचा चपटा अंगठा-तुकडा. तो १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला, त्यामुळे वय ओळखायला कामी येतो. मॉडेल नंबर पाहायचा तर सिलिंडर बाहेर काढून योकच्या (सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतं त्या दांड्याच्या) खाचेत पाहा, तिथे ठसा असतो. तिथे मॉडेल नंबरच नसेल तर बंदूक १९५७ च्या आधीची असण्याची शक्यता मोठी.

दुसऱ्या कंपन्यांत रुगरची बेअरकॅट (१९५८) सिंगल ॲक्शनवाल्यांसाठी, म्हणजे दर वेळी हॅमर अंगठ्याने चढवून मारणाऱ्यांसाठी, सुंदर आहे. पण १९९३ च्या न्यू बेअरकॅटच्या आधीच्या नगांत ट्रान्सफर बार (ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा फटका पिनपर्यंत पोचू न देणारी पट्टी) नाही. अशी बंदूक भरताना हॅमरखालचं घर रिकामं ठेवायचं, यात तडजोड नाही. कोल्टची डायमंडबॅक (१९६६) डी फ्रेमची, थोडी थोराड; तिची यंत्रणा वेगळी आणि ती हाताळणारे कारागीर कमी. पहिल्या प्रयोगासाठी ती नको.

हातात घेऊन तपासणी

आधी सिलिंडर उघडून सहाही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मग विक्रेत्याला विचारून सहा डमी किंवा वापरलेल्या पुंगळ्या चेंबरमध्ये घाला. त्यांचे दोन उपयोग. एक, रिकाम्या चेंबरवर पिन आपटत नाही. दुसरा, एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीला (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या, सिलिंडरमागच्या दातेरी तुकड्याला) पुंगळ्यांचा आधार मिळतो, ती सैल डुगडुगत नाही आणि टायमिंग, म्हणजे प्रत्येक घर वेळेवर नळीसमोर येऊन अडकणं, खरं दिसतं. रिकाम्या सिलिंडरवर टायमिंग नापास झालेली बंदूक पुंगळ्या घातल्यावर पास होते, असं अनेकदा घडतं.

टायमिंग पाहताना सिलिंडरवर बोटाचा हलका अडथळा ठेवून हॅमर अगदी सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण चढायच्या आत सिलिंडर ‘टक’ करून कुलूपबंद झालं पाहिजे. सहाही घरांवर पाहा; एकच घर मागे पडत असेल तर चांदणीचा तो एक दात झिजलाय. हॅमर अंगठ्याने धरून सोडा, आपटू देऊ नका. चढवलेल्या हॅमरला मागून अंगठ्याने बेताचा रेटा देऊन पाहा. तो घसरून पडला तर आधीच्या कुणीतरी सिअरवर (चढलेला हॅमर अडवून धरणाऱ्या कडेवर) दगड चालवलाय. अशी बंदूक परत द्या, कितीही स्वस्त असली तरी.

मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). सिलिंडर आणि बॅरल यांच्यातली फट ०.००४ ते ०.०१० इंच, म्हणजे ०.१० ते ०.२५ मिलिमीटर चालते; ०.००६ च्या आसपास असेल तर उत्तम. सिलिंडर मागे दाबून एकदा मोजा, पुढे ओढून एकदा. दोन्हींतला फरक म्हणजे पुढे-मागे होणारी ढिलाई. ती एक-दोन हजारांश इंच असेल तर चिंता नाही. तीनच्या पुढे गेली की रिमफायरमध्ये तिचा थेट त्रास होतो: काडतूस आपल्या कडेवर सिलिंडरला टेकलेलं असतं, त्यामुळे सिलिंडर पुढे सरकलं की कडही पिनपासून लांब जाते आणि फटका हलका पडतो. यावर योकमध्ये बसणाऱ्या पातळ शिम (चकत्या) मिळतात, पण आधी ढिलाई काढायची आणि मगच टायमिंगला हात घालायचा. क्रम उलटा केला तर टायमिंगचं काम दोनदा करावं लागतं.

आता सिलिंडर उजेडाकडे धरून प्रत्येक चेंबरचा मागचा काठ पाहा, शक्यतो भिंगातून. वरच्या बाजूला, जिथे पिन पडते तिथे, नखाला लागेल अशी बारीक खाच किंवा आत वळलेला कंगोरा दिसला तर ही बंदूक रिकामीच खूप चालवली गेली आहे. त्या कंगोऱ्यामुळे काडतूस पूर्ण बसत नाही आणि निघतानाही अडतं. हा दोष दुरुस्त होतो. चेंबर आयर्निंग टूल नावाचं गुळगुळीत निमुळतं हत्यार आत घालून तो कंगोरा पुन्हा बाहेर दाबतात. धातू कापायचा नसतो. सहाही घरांवर खोल खाचा असतील तर मात्र काठ तिथे आधारच देत नाही आणि मामला सिलिंडर बदलण्यापर्यंत जातो.

बॅरलमधून पाहताना मागून पांढरा कागद धरा. एखाद्या ठिकाणी गडद कडं दिसलं, तर ती बहुधा बॅरल फुगल्याची खूण. कमजोर काडतुसाची गोळी नळीत अडकली आणि मागून दुसरी मारली की असं होतं. .२२ चा आवाज आणि धक्का इतका कमी की अडकलेली गोळी लक्षातच येत नाही, त्यामुळे या कॅलिबरमध्ये हा रोग जास्त. बाहेरून बोट फिरवूनही कधी कधी उंचवटा जाणवतो.

इजेक्टर रॉडसाठी (चांदणी ढकलणाऱ्या दांड्यासाठी) सिलिंडर उघडून फिरवा आणि रॉडच्या टोकाकडे पाहा. टोक गोल डोलत असेल तर रॉड वाकलाय. सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणाऱ्यांनी योकही वाकवलेला असतो. मग एका बाजूची फट मोठी दिसते आणि डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे नुसता ट्रिगर ओढून हॅमर चढवताना, ट्रिगर ठरावीक घरांवर जड लागतो.

पुन्हा ब्लूइंग केलेली बंदूक ओळखायला हॅमर आणि ट्रिगर पाहा. निळ्या फिनिशच्या मूळ नगात त्यांच्यावर केस हार्डनिंगचे (पृष्ठभाग कडक करण्याच्या प्रक्रियेचे) ढगाळ रंग असतात. तेही निळे झालेले असतील, अक्षरं पुसट असतील, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या असतील तर पॉलिशचं चाक फिरलेलं आहे. वापरायला घेत असाल तर हा दोष नाही. उलट भाव पाडायला उपयोगी.

अमेरिकेत दुसऱ्या राज्यातून हँडगन घ्यायची तर ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरमार्फतच हातात येते. ५० वर्षांहून जुना मूळ नग ‘क्युरिओ अँड रेलिक’ ठरतो आणि त्या प्रकारचा संग्राहक परवाना असलेल्याला तो थेट घेता येतो. राज्याचे नियम वेगळे आणि काही ठिकाणी बरेच कडक, ते आधी पाहा. जुन्या नगाची मूळ रवानगी जाणून घ्यायची असेल तर स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन पत्र देतं.

उघडणं आणि पहिली सफाई

जुन्या रिव्हॉल्व्हरचा ‘जड ट्रिगर’ पुष्कळदा फक्त गोंद झालेलं तेल असतं. स्प्रिंगांची मागणी नोंदवण्याआधी हे काम करा.

स्क्रूड्रायव्हर तंतोतंत बसणारे, समांतर टोकाचे हवेत. घरगुती पाचरी टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने पहिल्याच स्क्रूची खाच फाटते आणि ती जखम कायमची दिसते. मुठीच्या फळ्या काढा, मग साइडप्लेटचे (यंत्रणा झाकणाऱ्या बाजूच्या झाकणाचे) स्क्रू. कोणता स्क्रू कुठला हे कागदावर बंदुकीचं चित्र काढून त्यात खोचून ठेवा. पुढचा स्क्रू योक धरून ठेवतो आणि त्याचं टोक त्या जागेसाठी जुळवलेलं असतं. मुठीखालचा सपाट डोक्याचा असतो. त्यांची अदलाबदल झाली की योक अडकतो किंवा सैल पडतो.

साइडप्लेट पात्याने उचकटायची नाही, कधीच नाही. बंदूक प्लेटची बाजू वर करून धरा आणि मुठीच्या सांगाड्यावर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टकटक करा. हादऱ्यांनी प्लेट आपोआप वर येते. ती बसवताना हॅमर ब्लॉक नावाची लांब पातळ पट्टी आपल्या खाचेत परत गेली आहे ना, हे पाहा. ‘एक भाग उरला पण बंदूक चालते’ म्हणून जी पट्टी टेबलावर राहते ती हीच, आणि बंदूक पडल्यावर गोळी सुटू न देणं हे तिचं काम.

कॉइल मेनस्प्रिंग काढायला हॅमर चढवा, स्प्रिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला असलेल्या बारीक भोकात पेपरक्लिपचा तुकडा घाला आणि हॅमर हळू खाली आणा. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत दांड्यासकट सुटून येते. ट्रिगरमागची रिबाउंड स्लाइड काढताना मात्र बंदूक मोठ्या पारदर्शक पिशवीत धरा. ती स्प्रिंग उडाली की सापडत नाही.

सगळं सॉल्व्हंटने धुवून, वाळवून, घासणाऱ्या जागी सुईने एकेक थेंब पातळ तेल. बस्स. निकेलच्या नगाला अमोनियाचं कॉपर सॉल्व्हंट लावू नका, निकेलखालचा तांब्याचा थर खाऊन पापुद्रे सुटतात. शिसं काढायचं रासायनिक फडकं ब्लूइंगही काढतं. ते स्टेनलेसपुरतं ठेवा.

ट्रिगर: काय हलकं करायचं आणि काय नाही

दोन स्प्रिंग आहेत. मेनस्प्रिंग हॅमरला जोर देते, रिबाउंड स्प्रिंग ट्रिगरला परत पुढे ढकलते. ट्रिगरचं वजन दोघींतून येतं, पण काडतूस पेटवण्याचं काम एकट्या मेनस्प्रिंगचं. म्हणून रिमफायरमध्ये मेनस्प्रिंग कंपनीचीच ठेवायची, आणि जुनी दमलेली असेल तर नवी पण त्याच ताकदीची घालायची. कॉइलचे वेढे कापणं हा प्रकार तर करूच नका. ‘जे’ फ्रेमसाठी विकल्या जाणाऱ्या ‘हलक्या स्प्रिंग संचा’तली मेनस्प्रिंग .३८ च्या हिशेबाने बनवलेली असते. ती बाजूला ठेवा आणि त्याच संचातली थोडी हलकी रिबाउंड स्प्रिंग तेवढी वापरा. वूल्फ कंपनीच्या रिबाउंड स्प्रिंग वेगवेगळ्या पौंडांत मिळतात. सगळ्यात हलकीवर उडी न मारता जड बाजूने एकेक पायरी खाली या. कसोटी अशी: ट्रिगर पूर्ण ओढा, मग बोट अगदी सावकाश सैल सोडा. ट्रिगर कुठेही न रेंगाळता बोटाच्या मागे मागे आला पाहिजे. मध्येच थबकला तर स्प्रिंग जास्तच हलकी झाली.

रिबाउंड स्लाइड फ्रेमवर जिथे सरकते ती खालची आणि आतली बाजू काचेवर ठेवलेल्या ६०० आणि मग १००० नंबरच्या कागदावर तेल लावून गुळगुळीत करता येते. यंत्राच्या खुणांची शिखरं तेवढी जायला हवीत, आरसा करायचा नाही. स्लाइडचा वरचा उंचवटा मात्र सोडून द्या. हॅमरला मागे रोखणारी ती जागा आहे. हॅमरची खाच आणि ट्रिगरचं टोक यांनाही घरी दगड लावायचा नाही. तिथलं पृष्ठभागावरचं कडक आवरण पातळ असतं, ते गेलं की आतला मऊ धातू महिन्या-दोन महिन्यांत गोल होतो आणि हॅमर रेट्याने सुटायला लागतो. सिंगल ॲक्शन तीन पौंडांच्या खाली नेण्यात मला तरी काही फायदा दिसत नाही.

लांब फायरिंग पिन हा .३८ मध्ये हलक्या फटक्यावरचा लोकप्रिय उपाय आहे. रिमफायरमध्ये तीच पिन चेंबरच्या काठावर आपटून वर सांगितलेल्या खाचा पाडते. सराव रिकाम्या बंदुकीने करायचा असेल तर भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात त्या ४-६ नंबरच्या पिवळ्या प्लॅस्टिक गिट्ट्या चेंबरमध्ये बसतात आणि पिनचा मार झेलतात. त्या दर थोड्या वेळाने फिरवा आणि ठेचल्या की फेका.

चेंबर

या जुन्या स्मिथची ठरलेली तक्रार म्हणजे सहा मारल्यावर पुंगळ्या निघता निघत नाहीत. चेंबर मुळात तंग, त्यात मेणाचा आणि काजळीचा थर. आधीच्या मालकाने .२२ शॉर्ट भरपूर मारली असेल तर आखूड पुंगळीच्या तोंडाशी कडक कडं तयार होतं आणि लाँग रायफल काडतूस तिथेच अडतं. सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं सोडा, मग .२५ कॅलिबरचा ब्राँझ ब्रश प्रत्येक घरात दहा-बारा वेळा फिरवत घाला. कडेसाठी असलेला खोलगट भागही टोकदार लाकडी काडीने साफ करा. तिथे घाण साचली की काडतूस वर उचललेलं राहतं आणि सिलिंडर घासत फिरतं.

एवढं करूनही पुंगळ्या अडत असतील तर बंदूकसाजाकडून .२२ लाँग रायफलच्या फिनिशिंग रीमरने (घराचं अचूक माप कापणाऱ्या हत्याराने) सहाही घरं साफ करून घ्या. रीमर हाताने फिरवायचा, भरपूर कटिंग ऑइल घालून, फक्त घड्याळाच्या दिशेने; बाहेर काढतानाही उलटा नाही. परत न फिरवता येणाऱ्या बदलांपैकी माझा पाठिंबा असलेला हा जवळजवळ एकटाच. अडकलेल्या पुंगळ्यांसाठी रॉडवर हातोडी मारायची नाही. नळी आकाशाकडे करून तळव्याने एक ठाम फटका द्यायचा. नळी वर असली की न जळलेले दाणे चांदणीखाली न शिरता बाहेर पडतात. चांदणीखाली अडकलेला एक दाणाही सिलिंडर जाम करायला पुरतो.

रॉड खोलायची वेळ आली तर आधी आट्यांची दिशा तपासा: जुन्या नगात उजवे आटे, साधारण १९६० नंतरच्यात डावे. चांदणीच्या पिनांवर ताण येऊ नये म्हणून चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या घालूनच फिरवा.

एक इशारा मॅग्नमबद्दल. .२२ मॅग्नमची पुंगळी सुमारे ६.१ मिलिमीटर जाडीची, लाँग रायफलची ५.७. मॅग्नमच्या चेंबरमध्ये लाँग रायफल सैल बसते, फुगते, फाटते. आणि दुसऱ्या बंदुकीचं सिलिंडर आणून बसवलं की झालं, असंही नाही. चांदणी, फट, टायमिंग सगळं नव्याने जुळवावं लागतं.

मूठ

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात कमी धोक्यात. मूळ लाकडी फळ्या सुंदर दिसतात, पण ट्रिगर गार्डमागची पोकळी भरत नाहीत, त्यामुळे डबल ॲक्शनमध्ये बंदूक हातात खाली घसरते. टायलर टी-ग्रिपसारखा धातूचा अडॅप्टर हा नेमका त्यावरचा उपाय. त्याचे तांब्याचे पातळ कान फळ्यांखाली दाबले जातात, फ्रेमला भोक पाडावं लागत नाही. कान नीट टेकले नाहीत तर फळी फ्रेमपासून उचललेली राहते. अशा वेळी स्क्रू आवळू नका, फळी चिरते. कान हाताने वाकवून फ्रेमला चिकटवा. राऊंड बट आणि स्क्वेअर बट (मुठीच्या सांगाड्याचं खालचं टोक गोल की चौकोनी) यांचं माप वेगळं, ते मागवताना सांगा.

मोठी रबरी किंवा लाकडी मूठ घेतली तर डाव्या फळीचा वरचा भाग पाहा. तो जाड असेल तर बाहेर येणारी पुंगळी त्यावर अडते. १८० च्या कागदाने थोडं थोडं घासा, दर वेळी सिलिंडर उघडून पुंगळी ढकलून पाहा, जागा झाली की ३२० ने गुळगुळीत करून तेल द्या. हे काम मूळ फळ्यांवर करायचं नाही. त्या काढून ठेवा. जुन्या नगांत उजव्या फळीच्या आत बंदुकीचा सिरियल नंबर लिहिलेला असतो, आणि जुळणाऱ्या फळ्यांना विकताना भाव मिळतो.

स्क्वेअर बट घासून राऊंड करायची टूम अधूनमधून येते. या बंदुकांचा सिरियल नंबर बटच्या तळाशीच असतो, आणि तो घासून टाकणं अमेरिकेत केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे. हॅमरचं शेपूट कापणंही .२२ वर नको: वजन गेलं की फटका गेला, आणि अंगठ्याने चढवायची सोयही गेली.

साइट

मागचं साइट वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकतं. ज्या दिशेला ते नेता, त्या दिशेला गोळी जाते. आडव्या स्क्रूचं टोक ठोकून पक्कं केलेलं असतं. तो जबरदस्तीने काढायला गेलं की तुटतो आणि मग नवा स्क्रू-नट संच लागतो. पातं बदलायचं असेल तर संच आधीच मागवून ठेवा.

मागचं साइट शेवटच्या आट्यापर्यंत नेऊनही मार खालीच लागत असेल तर पुढचं किती उतरवायचं याचा हिशेब सोपा आहे: चूक गुणिले पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर, भागिले निशाण्याचं अंतर. २५ यार्डांवर, म्हणजे साधारण २२,९०० मिलिमीटरवर, मार ७५ मिलिमीटर खाली आहे आणि साइटमधलं अंतर १५० मिलिमीटर आहे, तर ७५ गुणिले १५० भागिले २२,९००, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर. कानस हातात घेण्याआधी तीन-चार प्रकारची काडतुसं मारून पाहा. वेग बदलला की उंचीही बदलते आणि अर्ध्या वेळा प्रश्न तिथेच सुटतो.

रॅम्प (पुढच्या साइटचा उतरता भाग) दिसत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आधी पांढऱ्या रंगाचा पातळ थर, वाळल्यावर भडक नारिंगी नेलपॉलिशचे दोन थर. वरची कड तीक्ष्ण काळी सोडा, नाहीतर उंचीचा अंदाज चुकतो. ॲसिटोनने कधीही निघतं.

बदलांनंतरची चाचणी

तीन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसं, प्रत्येकी किमान ५०, सगळी डबल ॲक्शनमध्ये मारा. सिंगलमध्ये फटका जास्त बसतो म्हणून दोष लपतो. चेंबरना सिलिंडरच्या बाहेरून मार्करने एक ते सहा आकडे द्या आणि जिथे काडतूस पेटलं नाही ते घर लिहून ठेवा. काडतूस न पेटल्यास नळी निशाण्याकडे ठेवून अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा.

मग पुंगळीवरची खूण वाचा. सगळ्या घरांत खूण उथळ असेल तर मेनस्प्रिंग, घर्षण किंवा सिलिंडरची ढिलाई. एकाच घरात चुकत असेल तर त्या घराच्या काठावर कंगोरा आहे किंवा खोलगट भागात घाण. तेच काडतूस त्याच घरात दुसऱ्या फटक्याला पेटत असेल तर ते आधी पूर्ण बसलंच नव्हतं; पहिला फटका ते आत ढकलण्यात गेला, म्हणजे पुन्हा ब्रश. खूण खोल असूनही पेटत नाही आणि काडतूस फिरवून कडेच्या दुसऱ्या जागी मारल्यावर पेटतं, तर त्या जागी मसालाच पोचलेला नाही. तो काडतुसाचा दोष. डबा बदला, बंदुकीला हात लावू नका.